राखाडी कोंबड्यांची सोयरीक

आखाडातला शेवटचा रविवार होता. पुढच्या आठवड्यात श्रावण लागणार, मग घरात महिनाभर वशाट नाही, म्हणून वस्तीवर आज सगळं घर जेवायला जमायचं होतं. ऋतुजा सोलापुरातून कोंबड्यांचं खाद्य घेऊन आली, स्कूटी लिंबाखाली लावली, आणि पोतं उतरवायच्या आधीच तिला अंगणातल्या चुलीपाशी पडलेली पिसं दिसली.

पांढरी पिसं होती. पांढऱ्यावर राखाडी शिंतोडे उडालेली.

आखाडात कुठल्या घराच्या अंगणात पिसं पडत नाहीत? पण ही पिसं ओळखीची होती. पोतं तसंच गाडीवर ठेवून ती चुलीकडं गेली. पातेल्याला उकळी आलेली, वर काळ्या तिखटाचा तवंग. शेजारी तिची आई, सारजाबाई, पाटावर बसून शेवटच्या कोंबडीचे तुकडे करत होती. वहिनी, म्हणजे उदयसिंहाची बायको इंद्रायणी, भाकरीचं पीठ मळत होती. तिनं ऋतुजाकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"आई, ह्या कुटल्या कापल्या?"

"त्या शिंतोड्या गं. कोंबडा आन् कोंबड्या, समद्याच घेतल्या. पाव्हणं हायत म्हणल्यावर एका-दोघींत भागतंय व्हय?"

"कुणी सांगितलं कापाय?"

"उदयनं. म्हणला, पुण्याचं गिऱ्हाईक यायचंय, ती डागाळलेली त्येच्या डोळ्याम्होरं नकोत. राखाडी तेवढी दिसू देत." सारजाबाईंनी विळीवरचा हात पुसला. "आन् तू अशी का बघाय लागलीस? कोंबड्याच हायत की."

ऋतुजाच्या तोंडून शब्द फुटेना. राग आला की तिचा आवाज जायचा, लहानपणापासून. आणि घरातल्यांना वाटायचं, पोरीला पटलं.

या घरात एक रीत होती. शेत पुरुषांचं, बैल पुरुषांचे, उसाचं बिल पुरुषांच्या नावावर, पण खुराडं बायकांचं. अंडी विकून आलेला पैसा बाईचा, त्यातला एक पैसाही नवऱ्यानं मागायचा नाही. ऋतुजाचे वडील, आबासाहेब, तर खुराड्याकडं नाक वर करूनच बघायचे. कोंबड्या पाळणं हे गड्याचं काम नव्हे, असं ते चारचौघांत सांगत. लेकीचं लग्न झालं की आईनं तिला खुडूक बसलेली एक कोंबडी द्यायची, अंड्यांसकट. सारजाबाईंना त्यांच्या आईनं दिली होती. ऋतुजाला सारजाबाईंनी दिली होती, राखाडी रंगाची, पावसाळी ढगासारखी. ऋतुजा श्रीपूरला नांदायला गेली तेव्हा ती कोंबडी बरोबर गेली, आणि नांदणं संपवून ऋतुजा परत आली तेव्हा डालग्यात तिची नात घेऊन आली. दागिने सासरीच राहिले. त्याबद्दल घरात आजही बोलणी व्हायची, कोंबडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मग तिनं त्या एका राखाडी कोंबडीवरून हा कळप उभा केला होता. सकाळी चिंचोळीच्या कंपनीत टॉवेलच्या गठ्ठ्यांची नोंद करायची, संध्याकाळी येऊन माणूस उभं राहील एवढ्या त्या जाळीच्या खुराड्यात बसायचं. कुठली कुणाबरोबर सोडायची, कुठल्या पिलाचं पीस कसं फुटतंय, हे बघत बसायचं. आबासाहेब म्हणायचे, "पोरगी कोंबड्यांच्या नादी लागली." उदयसिंह हसायचा. त्याला हसायला काय झालं? काळ्या कोंबडीचं खूळ आलं होतं तेव्हा यानंच बापाकडून पत्र्याचं शेड बांधून घेतलं होतं. कडकनाथशिवाय तोंडात दुसरं नाव नव्हतं. खूळ ओसरलं, कोंबड्या गावजेवणात गेल्या, आणि आता त्या शेडमध्ये ठिबकच्या नळ्या पडल्या होत्या.

यंदा उन्हाळ्यात कुणीतरी ऋतुजाच्या राखाडी कोंबड्याचा फोटो मोबाइलवर टाकला आणि पुण्या-बंगळूरहून विचारणा सुरू झाली. लव्हेंडर आहे का, म्हणे. तेव्हापासून उदयसिंह रोज खुराड्यापाशी उभा राहू लागला. कोंबड्या होत्या तोवर त्या बायकांच्या होत्या. त्यांचे 'बर्ड' झाले आणि त्या घराच्या झाल्या.

"मला एक फोन करायचा हुता की गं," ऋतुजा शेवटी आईला म्हणाली.

"गाडी चालवताना फोन घेत न्हाईस तू," सारजाबाई म्हणाल्या. "आता तोंड धू आन् ताटं घी. पाव्हणा आलाय, आत बसलाय."

*

पाहुण्याचं नाव हृषीकेश. पुण्याचा, गोरागोमटा, बोलायला अगदी मऊ. आतल्या सोप्यात पहिली पंगत बसली होती: आबासाहेब मधे, उजव्या हाताला उदयसिंह, डाव्या हाताला हृषीकेश. ऋतुजा भाकरीची परात घेऊन आत गेली तर समोरच्या भिंतीला नवा फ्लेक्स टेकवून ठेवलेला. 'उदयसिंह लव्हेंडर्स'. वर देवीचा फोटो, खाली आबासाहेब फेट्यात, आणि मधे उदयसिंह हातात तिचा राखाडी कोंबडा धरून. कोंबड्याचा तो फोटो तिनंच काढला होता, तिच्या मोबाइलवर, मार्चमध्ये. भावानं त्यावर स्वतःचं धड चिकटवून घेतलं होतं.

"बाजार कसा चालतो सांगू का काका," हृषीकेश आबासाहेबांना सांगत होता. "मागं लोकांना काळी पाहिजे होती. मग रेशमी पिसांची, सशासारखी दिसते ती. आता सगळ्यांना फिके रंग हवेत. फार्महाऊस बांधतात, भिंतींना फिका रंग देतात, आणि म्हणतात हिरवळीवर शोभेल असा पक्षी द्या. अंड्याशी कुणाला घेणं नाही. रंगाशी आहे."

"म्हंजी खायची न्हाय, नुसती बघायची?" आबासाहेबांनी विचारलं.

"नुसती बघायची."

"भले," आबासाहेब म्हणाले आणि रश्श्यात भाकरी कुस्करली. "आमच्या काळी बघायला लोक देवाला जायचे."

उदयसिंह मोठ्यानं हसला. "आबा, ह्येंचं पेज हाय, लाखभर लोक बघत्यात. आज सगळा लॉट घेऊन चाललेत. कोंबडा, कोंबड्या, अंड्यावर न आलेल्या तलंगा बी. हितनं म्होरं दरवर्सी पिल्लांचा माल आपुन द्यायचा. आपलं नाव राहणार त्येच्यावर."

परात ऋतुजाच्या हातातच राहिली. सगळा लॉट. म्हणजे खुराड्यात रात्री एक पीस राहणार नव्हतं. ज्या कोंबडीनं तिच्याबरोबर सासर केलं होतं, तिचा वंश आज टेम्पोत चढून पुण्याच्या हिरवळीवर शोभेला जाणार, आणि ती मात्र इथं दुसरी भाकरी वाढणार.

"कुणाच्या इचारानं?" ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"काय?"

"लॉट द्यायचा कुणाच्या इचारानं ठरलं, दादा?"

उदयसिंहानं पाहुण्याकडं बघून हात हलवला, जशी माशी उडवावी. "आमची धाकटी बहीण. तीच खाणंपिणं बघती पक्ष्यांचं. लई जीव हाय तिचा."

"नमस्कार ताई," हृषीकेश म्हणाला. "खूप छान राखलेत पक्षी. मला एकच खात्री पाहिजे. माझ्या गिऱ्हाइकांना पुढं पिल्लं काढायची असतात. या कोंबड्या आणि हाच कोंबडा एकत्र सोडला, तर पिल्लं सगळी याच रंगाची निघतील ना?"

"शंभर टक्के," उदयसिंह म्हणाला. "शुद्ध हाय माल. राखाडीला राखाडीच लावलाय, दुसरं रगत येऊ दिलं न्हाय. डागाळलेलं जे निघालं ते आमी बाजूला काढलं."

"तसंच पायजे," आबासाहेबांनी पुस्ती जोडली. "जात शुद्ध ठेवायची तर सोयरीक आपल्यातच करावी. माणसाचं तेच, जनावराचं तेच. तोलामोलाचं बघून द्यावं, वंश बिघडत न्हाय."

हे आबासाहेब बोलले आणि ऋतुजाच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. तोलामोलाचं. श्रीपूरचं स्थळ आलं तेव्हा हाच शब्द होता. घराणं बघितलं, कूळ बघितलं, ऊस किती जातो कारखान्याला ते बघितलं. पोरगा पोरीशी बोलतो कसा, ते बघायला कुणाला सवड नव्हती. पोरीला तर विचारायचा प्रश्नच नव्हता, ती गप्प होती म्हणजे तिला पटलं होतं. पुढं तिथं काय झालं ते या सोप्यात बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, पाहुणा सोडून. आणि तरी हा माणूस पंगतीत बसून तेच शहाणपण कोंबडीला लावत होता.

उदयसिंह तिच्याकडं बघत होता. नजरेत धमकी कमी, अजिजी जास्त. "सांग की ऋतू. पाव्हणं बघत्यात न्हवं तुझ्याकडं."

व्हय म्हणायचं, एवढंच होतं. व्हय म्हटलं की जेवणं नीट पार पडतील, फ्लेक्स वस्तीच्या फाट्यावर लागेल, आईला आखाड गोड लागेल.

ऋतुजानं परात खाली ठेवली.

"न्हाय निघणार," ती हृषीकेशला म्हणाली. "राखाडीला राखाडी लावली तर पिल्लं तीन रंगांची निघतात. निम्मी राखाडी. राहिलेल्यांत काही काळी, काही पांढरी, शिंतोडे उडालेली. कितीही पिढ्या लावा, हेच होणार. हा रंगच तसा आहे. तो आपल्यासारख्याशी जमवून टिकत नाही."

"मग सगळी राखाडी मिळतच नाहीत?"

"मिळतात. काळ्या कोंबड्याला शिंतोडीची जोड लावायची. त्यांची सगळी पिल्लं राखाडी निघतात, एक न एक. हा कळप मी तसाच वाढवलाय. काळा कोंबडा बाहेर आहे अजून."

"आणि शिंतोड्या?"

ऋतुजानं त्याच्या ताटाकडं पाहिलं. "त्या तुमच्या ताटात आहेत."

हृषीकेशचा हात ताटावरच थांबला. त्यानं हातातली तंगडी हळूच ताटाच्या कडेला ठेवली आणि बोटं पाण्याच्या तांब्याकडं नेली. बाहेर इंद्रायणीच्या भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला.

"तिला काय कळतंय," उदयसिंह म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ती रागात बोलाय लागली. तुमी हिच्याकडं नका ध्यान देऊ."

"उदयदादा, जोड्या कुणी लावल्या होत्या?" हृषीकेशनं विचारलं. आवाज अजून तसाच मऊ होता.

"आमीच की. घरच्यांनी."

"मग शिंतोड्या कापायला कशा दिल्या?"

उदयसिंहानं बापाकडं पाहिलं, भिंतीला टेकलेल्या स्वतःच्या फोटोकडं पाहिलं. मग आबासाहेबांनी ताटात हात झटकला.

"घरातली उणीदुणी पाव्हण्याम्होरं काढायची ही कुटली रीत? कोंबड्या कुणाच्या, आँ? दाणा घरचा, पाणी घरचं, जागा माझी. कोंबड्या घराच्या. मी सांगतो, जात्याल म्हंजी जात्याल."

"आबा." हा आवाज दारातून आला. इंद्रायणी पिठाच्या हातानं उंबऱ्यात उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यासमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. "रीत म्हणताय, तर रीत ही हाय की कोंबड्या बायकांच्या. मी नवी नवरी असताना तुमीच सांगितलं हुतं, खुराड्यातलं गड्याला इचारायचं न्हाय. तवा तुमाला त्येचा वास यायचा. आता लाखभर लोक बघत्यात म्हणून रीत फिरली व्हय?"

"तू आत जा," उदयसिंह म्हणाला.

"जाते. भाकरी जळतीया. पण दाणा घरचा न्हाय, आबा. दाणा तिच्या पगारातला. आत्ता बी पोतं गाडीवर हाय, बगा उठून."

आबासाहेब उठले नाहीत. सारजाबाई मात्र रश्श्याची वाटी घेऊन सुनेच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाटी कुणाला वाढायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

"मला काय ठावं गं पोरी," त्या ऋतुजाला म्हणाल्या. "त्यात रंगाचं असं काय असतंय, कुणी सांगितलं मला? ठावं असतं तर हात लावला असता व्हय?"

"रंगाचं ठावं असायची गरज न्हवती, आई," ऋतुजा म्हणाली. "त्या माझ्या हायत, एवढं ठावं हुतं की. तूच दिली हुतीस."

सारजाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि वाटीशेजारीच भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या नखांत अजून एक पांढरं पीस अडकलेलं होतं.

*

हृषीकेश गेला. जाताना तो ऋतुजापाशी थांबून म्हणाला, "ताई, तुम्ही ठरवाल तेव्हा कळवा. नाही कळवलंत तरी चालेल." टेम्पो रिकामाच परतला आणि त्याची धूळ फाट्यापर्यंत दिसत राहिली.

मग आबासाहेबांनी अंगणात येऊन निकाल दिला. पाहुणा अर्ध्या ताटावरून उठला, असलं या वस्तीवर आजवर झालं नव्हतं. लेक सासरहून आली, तिला कुणी काही बोललं नाही, त्याचं हे फळ. कोंबड्या तिच्या असतील तर तिनं त्या तिच्या जागेत न्याव्यात. संध्याकाळपर्यंत खुराडं मोकळं पाहिजे.

"माझी जागा कुटं हाय, आबा?" ऋतुजानं विचारलं.

"ते मला काय इचारतीस," आबासाहेब म्हणाले आणि आत गेले.

खरं होतं, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. शेताचे वाटे पडले तेव्हा तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती, साडीचोळी देऊन. सगळ्याच बहिणी देतात, असं म्हणाले होते. त्या दिवशीही ती गप्प होती. आता तिला गप्प बसलेल्या प्रत्येक दिवसाचा राग येत होता, आणि तो सगळा राग घेऊन ती खुराड्यात शिरली.

कोंबडी पकडायची तर दिवेलागणीनंतर, अंधारात ती गरीब असते. भर दुपारी पकडायची म्हणजे पळापळ. राखाडी पिसं खुराडाभर उडत होती. इंद्रायणी डालगी घेऊन मागोमाग आली आणि काही न बोलता दारात आडवी बसली, एकही बाहेर सुटू नये म्हणून.

"भावाला फोन केलाय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माझ्या माहेरी परसात गोठा रिकामा हाय. पिकअप घेऊन येतोय त्यो. तू बी चल, चिंचोळी तितनं जवळच पडतंय तुला."

"वहिनी, दादा तुमाला बोलंल."

"बोलंल की. रोजच बोलतो." इंद्रायणीनं एक कोंबडी पायाला धरून डालग्यात घातली. "निदान आज कशासाठी बोलतोय ते तरी कळंल."

सगळ्यात शेवटी राहिला काळा कोंबडा. तो आढ्याला जाऊन बसला होता. ऋतुजा कोपऱ्यातल्या बाजेवर चढून त्याच्यापर्यंत हात पुरवत होती, तेवढ्यात खुराड्याच्या जाळीपलीकडं उदयसिंह येऊन उभा राहिला. फ्लेक्सची गुंडाळी त्याच्या काखेत होती. दोन्ही बायकांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. तो घसा खाकरून थांबला, परत खाकरला.

"पाव्हण्याचा फोन आलता," तो म्हणाला. "शिंतोड्या असल्या तर पुढच्या वर्सी राखाडी पिल्लं घेतो म्हणला. शिंतोड्या परत काढाय येत्यात का गं?"

ऋतुजानं कोंबडा दोन्ही पंखांना धरून खाली घेतला. "येत्यात."

"कशा?"

"राखाडीला राखाडी लावून. तू म्हणत हुतास तसंच. त्यातनं डागाळलेली निघत्यात ती."

"मग म्या चुकीचं काय बोललो हुतो?" उदयसिंह जाळीला धरून पुढं झाला. आवाजात जीव आला होता. "तूच सांग, म्हंजी आता आपुन काय करायचं?"

कोंबडा तिच्या कुशीत धडपडत होता. तिनं त्याला पोटाशी घट्ट धरलं, बाजेवरून उतरली, आणि जाळीजवळ येऊन भावाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. हा प्रश्न तिच्या उभ्या जन्मात या घरातून तिला कुणी विचारला नव्हता. लग्नात नाही, सोडून आली तेव्हा नाही, वाटण्या झाल्या तेव्हा नाही.

"दादा," ती म्हणाली, "आज तू पहिल्यांदा मला काय करायचं म्हणून इचारलंस. ते बी कोंबडीसाठी."

तिनं कोंबडा डालग्यात ठेवला. इंद्रायणीनं झाकण लावलं आणि सुतळी आवळली.